वारशाने आलेली मालमोटार : नागपूरच्या रस्तावाहतुकीच्या इतिहासाचे एक उपेक्षित साधन

१

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यापुढे ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दफ्तरे उभी राहतात. विसाव्या शतकाचा अभ्यास करणारा त्यांत वर्तमानपत्रे, सरकारी अहवाल आणि खाजगी पत्रव्यवहार यांची भर घालतो. परंतु ज्या यंत्रांनी या शतकात सामान्य माणसाचा बाजार, त्याचे शेत आणि त्याचा प्रवास बदलून टाकला, त्या यंत्रांकडे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. एखाद्या घराच्या मागील अंगणात किंवा बागेतील पडवीत आजोबांच्या वेळची छोटी मालमोटार, जिला आज सर्रास पिकअप म्हणतात, गंजत उभी असते. वाटणीत ती कोणाच्या तरी हिश्श्याला येते आणि तिचे काय करावे असा प्रश्न पडतो. भंगारवाल्यास देणे हा एक मार्ग. रंगरंगोटी करून समारंभात मिरवणे हा दुसरा. ती पुन्हा चालती करणे हा तिसरा मार्ग सर्वांत कष्टाचा आहे. या तिसऱ्या मार्गाचा इतिहासाभ्यासाशी काय संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : जुन्या मालमोटारीची दुरुस्ती ही साधनचिकित्साच होय. जीर्ण पोथीचे पाठ ठरविताना जी सावधगिरी बाळगावी लागते तीच येथेही बाळगली पाहिजे. ती न बाळगल्यास गाडी चालू होईल, पण तिच्या अंगावर लिहिलेला इतिहास पुसला जाईल.

प्रथम एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. मराठीत ‘खटारा’ म्हणजे मुळात ओझे वाहणारी बैलांची गाडी. आज हा शब्द मोडकळीस आलेल्या मोटारीला हिणवण्यासाठी वापरला जातो. बैलगाडीचे काम मोटारीने घेतले आणि बैलगाडीचे नाव मोटारीच्या म्हातारपणाला मिळाले. हा सर्व पालट दोन-तीन पिढ्यांत घडला. त्या पालटाचे साक्षीदार असलेली वाहने मात्र झपाट्याने नाहीशी होत आहेत.

२

नागपुरात छोट्या मालमोटारीला काम का मिळाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. भुसावळकडून येणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने पूर्वेचा मार्ग जोडला आणि सातपुड्यातील अरुंद मार्गांनी छिंदवाड्याकडील मुलूख शहराशी बांधला. रसेल यांनी संपादिलेले नागपूर जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ मध्ये निघाले, त्या सुमारास दूरचा माल रेल्वेने आणि स्थानकापर्यंतचा माल बंडीने, ही वाटणी पक्की झालेली होती. मोटारीला जागा मिळाली ती या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. शेतापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून स्थानकापर्यंतचे अंतर बैलांना लांब पडे, तर रेल्वेच्या दृष्टीने ते क्षुल्लक होते. काटोल-नरखेडकडील संत्र्यासारख्या नाशवंत मालाला या पट्ट्यातला उशीरच बाधक ठरे.

मोटारींसाठी रस्ते हवेत आणि रस्त्यांसाठी पैसा हवा, हा विचार अखिल भारतीय पातळीवर मांडला तो मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने. १९२७ मध्ये नेमलेल्या या समितीने दुसऱ्या वर्षी अहवाल दिला. त्यातील शिफारशीनुसार पेट्रोलवर जादा कर बसून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी निर्माण झाला. तथापि मोटार वाढू लागताच रेल्वेला तिची स्पर्धा जाणवू लागली. १९३२-३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस यांनी या स्पर्धेची पाहणी केली, आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहू गाड्यांवर परवान्याचे बंधन आले. स्वतःचा माल वाहणारा आणि लोकांचा माल भाड्याने वाहणारा, असे दोन वर्ग त्या कायद्याने केले. जुन्या मालमोटारींच्या कपाळावर रंगविलेली ‘पब्लिक कॅरियर’ ही अक्षरे या वर्गीकरणाची खूण होत. १९८८ च्या कायद्याने हा भेद काढून टाकला. त्यामुळे ज्या गाडीवर ही अक्षरे मूळ रंगात टिकून आहेत, तिच्यावर एका रद्द झालेल्या कायद्याचा शिक्काच आहे असे समजावे.

खुद्द नागपूर शहराचे नाव भारतीय रस्त्यांच्या इतिहासाशी कायमचे जोडले गेले ते डिसेंबर १९४३ मध्ये. प्रांतोप्रांतींचे मुख्य अभियंते येथे जमले आणि त्यांनी वीस वर्षांची जी योजना आखली ती ‘नागपूर योजना’ या नावाने ओळखली जाते. राष्ट्रीय हमरस्ते, प्रांतिक हमरस्ते, जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते ही उतरंड त्या योजनेने घालून दिली. दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता हे तिचे लक्ष्य होते. शेतीने विकसित झालेल्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून दूर राहू नये, असाही हेतू तीत होता. ते उरलेले ५ मैल कापणारे वाहन कोणते, हा प्रश्न नकाशावर दिसत नाही. बंडी, सायकल आणि छोटी मालमोटार हे त्याचे उत्तर होते.

३

आता वाहनाच्या जन्माकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात हिंदुस्थानात येणाऱ्या मालमोटारी बव्हंशी अमेरिकन बनावटीच्या होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईस शिवडी येथे सुट्या भागांची जुळणी सुरू केली. फोर्डनेही येथे जुळणीचे कारखाने काढले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ पासून डॉज, डिसोटो व फार्गो या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच वर्षी महिंद्रांनी जीपची जुळणी हाती घेतली.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. मालवाहू गाडी पुष्कळदा संपूर्ण रूपात विकली जात नसे. चासी, इंजिन आणि पुढचा दर्शनी पत्रा एवढेच ग्राहकाच्या हाती पडे. चालकाची बैठक, केबिन आणि मागील हौदा हे सारे स्थानिक सुतार-लोहारांकडून बांधून घ्यावे लागे. म्हणजे ज्या गाडीला आपण ‘शेव्हरोलेट’ किंवा ‘फोर्ड’ म्हणतो तिचा निम्मा देह परदेशी आणि निम्मा देशी कारागिराच्या हातचा असे. त्या लाकडी केबिनचे सांधे बैलगाडीच्या साटीसारखे घेतले आहेत की खिडकीच्या चौकटीसारखे, हे पाहिले तर गाडी बांधणारा आधी काय बांधत होता याचा अंदाज करता येतो. हे ज्ञान कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात मिळणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात या गाड्यांना दुसरा जन्म घ्यावा लागला. १९४१ पासून पेट्रोलचे नियंत्रण सुरू झाले आणि कोळशाच्या वायूवर गाड्या चालविण्याची पाळी आली. गाडीच्या बाजूस किंवा मागे भट्टी बसवून लोणारी कोळशापासून ज्वलनशील वायू तयार करीत व तो गाळून इंजिनात सोडीत. गाडीचा जोर बराच घटे. राख नीट गाळली न गेल्यास नळकांडी लवकर झिजत. युद्ध संपताच भट्ट्या निघाल्या. पण चासीला पाडलेली भोके आणि नळीसाठी कापलेला पत्रा मागे राहिला. अशी खूण दिसल्यास ती ‘खराबी’ म्हणून बुजवण्यापूर्वी शंभरदा विचार करावा. युद्धोत्तर काळात लष्कराच्या शिलकी गाड्या लिलावाने विकल्या गेल्या आणि त्यांचे सांगाडे, चाके, आस नागरी गाड्यांत मिसळले, हाही एक थर आहे.

तिसरा आघात धोरणाचा होता. येथेच उत्पादन वाढविण्याचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी-कारखान्यांना पुढे वाव नाही, असे १९५३ च्या सुमारास स्पष्ट झाले, आणि फोर्ड व जनरल मोटर्स यांनी १९५४ पर्यंत येथील काम आवरले. त्याच वर्षी टेल्कोची मालमोटार डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपुरास तयार होऊ लागली. नव्या उद्योगाच्या दृष्टीने हे योग्यच झाले असेल. पण ज्यांच्याजवळ जुनी अमेरिकन गाडी होती त्यांना सुटे भाग मिळणे दुष्कर झाले. तेव्हापासून या गाड्या कंपनीच्या राहिल्या नाहीत, त्या मिस्त्रींच्या झाल्या. लेथवर कातलेला आस, दुसऱ्याच गाडीची गिअरपेटी, अंबॅसडरचा कार्बुरेटर अशा वस्तू त्यांत शिरल्या. मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्स बनावटीची डिझेल इंजिने येथे तयार करण्यास आरंभ केल्यावर तर खर्चिक पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेल बसविण्याची चाल पडली.

४

अशी गाडी वारसाच्या ताब्यात आली असता पहिले काम हँडल मारण्याचे नव्हे, पाहण्याचे आहे. गाडी जेथे उभी आहे तेथेच तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. चासी-क्रमांक व इंजिन-क्रमांक उतरून घ्यावेत आणि नोंदणी-पुस्तकाशी ताडून पाहावेत. दोहोंत फरक आढळला तर तो लपविण्याचा विषय नाही. इंजिन केव्हा बदलले याचा तो पुरावा आहे. जुने नोंदणी-पुस्तक हे तर दप्तरातील अस्सल कागदाइतके मोलाचे मानावे. नागपूर हे शहर मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. १९५० मध्ये ते मध्यप्रदेश राज्याची राजधानी म्हणून ओळखले जाऊ लागले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. एकाच अंगणात उभ्या असलेल्या गाडीने जागा न सोडता चार राज्यनावे पाहिली. कचेरीच्या शिक्क्यांतून हा प्रवास वाचता येतो.

त्यानंतर रंगाचे थर. दाराच्या आतील कडेला किंवा बिजागरीखाली बारीक पॉलिशकागदाने नाण्याएवढी जागा हलके घासली असता खालचे रंग वर्तुळाकार उघडे पडतात. लष्करी हिरवा रंग सर्वांत खाली निघाला तर शिलकी मालाची शंका बळावते. दारावरील जुन्या मालकाचे किंवा दुकानाचे नाव असेच कधी कधी हाती लागते. संपूर्ण रंग खरवडून काढणारा कारागीर हे सारे एका दुपारीत नष्ट करतो.

आता प्रत्यक्ष चालू करण्याविषयी. उदाहरणादाखल १९३७ ते १९५३ या काळातील शेव्हरोलेटचे सहा नळकांड्यांचे इंजिन घेऊ. अनेक वर्षे बंद राहिलेले इंजिन एकदम फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक नळकांड्यात थोडे पातळ तेल सोडावे, दोन-चार दिवस मुरू द्यावे आणि मग हँडलने सावकाश फिरवून पाहावे. या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना दाबाने तेल मिळत नाही. रॉडच्या टोकाची पळी खालच्या तेलात बुडून ते वर उडवते. बेअरिंगही सुटे नसून रॉडमध्येच ओतलेल्या मऊ मिश्रधातूचे असते. हा धातू, म्हणजे बॅबिट, प्रामुख्याने कथिल, अँटिमनी व तांबे यांचा बनतो आणि १८३९ पासून तो वापरात आहे. तो वितळवून ओतणे, थंड झाल्यावर कातणे आणि मापाला घासणे ही एक स्वतंत्र कला होती. तयार बेअरिंगांच्या जमान्यात तिची गरज संपली आणि ती जाणणारे मिस्त्री विरळ झाले. गाडीच्या निमित्ताने असा एखादा वृद्ध कारागीर भेटला तर त्याच्याकडून काम करून घेण्याइतकेच त्याचे बोलणे टिपून घेणे महत्त्वाचे आहे.

विजेची व्यवस्था ६ व्होल्टची असते. तेवढेच काम अर्ध्या दाबाने करावयाचे म्हणजे दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून तारा जाड असाव्या लागतात. १२ व्होल्टच्या गाडीच्या बारीक तारा घातल्यास स्टार्टर सुस्तावतो आणि बॅटरीला नाहक दोष दिला जातो. पेट्रोलच्या टाकीतील जुने, चिकट झालेले इंधन संपूर्ण काढावे, आणि वाफा पूर्णपणे गेल्याची खात्री होईपर्यंत तिला झाळ लावू देऊ नये; रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते. इंधनाचा आणखी एक प्रश्न नवा आहे. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. काही जुन्या कार्बुरेटरांतील बुचाच्या लाकडाचा तरंगता गोळा लाखेच्या लेपाने सुरक्षित केलेला असे. लाख मद्यार्कात विरघळते. लेप गेला की गोळा पेट्रोल पिऊन बुडतो व इंधन वाहू लागते. जुने रबरही या मिश्रणात टिकत नाही. असे भाग बदलणे भागच आहे.

नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा रेडिएटर आणि इंजिनातील पाण्याच्या वाटा यांत साचलेले क्षार काढल्याशिवाय मे महिन्यात गाडी बाहेर काढणे म्हणजे इंजिन गमावणे होय. ब्रेकच्या बाबतीत तर जुनेपणाचा मोह मुळीच धरू नये. रबरी वायसर, नळ्या आणि ब्रेक-तेल नवेच हवे. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुंकून उडविण्याची आपल्या गॅरेजांतील रीत फुप्फुसांना अपायकारक आहे, ती ओल्या फडक्याने टिपावी.

यावरून एक नियम निघतो. ज्यावर जीव अवलंबून आहे तो भाग नवा घालावा, आणि काढलेला जुना भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. ज्यावर केवळ दिसणे अवलंबून आहे तो भाग शक्यतो आहे तसाच राहू द्यावा. पोथीचा जीर्ण कागद आपण मागून चिकटवून बळकट करतो. अक्षरांवरून नवी शाई फिरवीत नाही.

५

येथवरचा विचार कायद्याशी ताडून पाहिला म्हणजे खरी अडचण पुढे येते. मालकाच्या मृत्यूनंतर वाहन वारसाच्या नावे करण्याची तरतूद १९८८ च्या कायद्यात आहे. मृत्यूची वर्दी ३० दिवसांत आणि हस्तांतराचा अर्ज तीन महिन्यांत करावा, असा त्याखालील नियम आहे. पुष्कळ कुटुंबांत जमिनीची फेरफार नोंद तत्परतेने होते, पण पडवीतील गाडीचे स्मरण कोणालाच राहत नाही आणि पुढची पिढी कागदांवाचून उभी राहते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुरातन मोटारींच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीस ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ ही खास अक्षरमालिका मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठी अशी गाडी रस्त्यावर आणता येते. नित्याच्या किंवा व्यापारी वापरासाठी येत नाही. हे नियम स्वागतार्ह आहेत यात शंका नाही. मात्र त्यांतील व्याख्येच्या दोन अटी विचार करावयास लावतात. वाहन खाजगी, अव्यापारी वापराचे असावे ही एक. ते मूळ स्वरूपात राखलेले असून चासी, बांधणी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा ही दुसरी.

पहिल्या अटीमुळे मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीला या व्याख्येत सहज जागा मिळत नाही. संस्थानिकाची शिकारीची मोटार वारसा ठरते. संत्र्याच्या पेट्या वाहणारी मोटार ठरत नाही. दुसऱ्या अटीमागे मूळ स्वरूप कारखान्यातून बाहेर पडते ही समजूत आहे. आपण वर पाहिले की या गाड्यांचे केबिन व हौदे येथेच बांधले गेले आणि सुटे भाग बंद झाल्यावर त्यांची इंजिनेही येथेच बदलली गेली. ज्या फेरबदलामुळे गाडी जगली त्याच फेरबदलामुळे ती वारशास अपात्र ठरावी, ही विसंगती होय. पन्नाशीत बसविलेले डिझेल इंजिन आज स्वतःच सत्तर वर्षांचे आहे. ते उपटून परदेशातून ‘अस्सल’ इंजिन आणून बसविणारा वारस नियमाच्या अधिक जवळ जाईल, पण इतिहासापासून दूर जाईल. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरणही २०२१ पासूनच अंमलात येत गेले असल्याने या प्रश्नाला आता निकड आली आहे. भंगारात गेलेल्या साधनाची प्रत मिळत नसते.

६

नागपुरास हा विषय परका नाही. सातपुड्यातील अरुंद लोहमार्गांची स्मृती जपणारे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय मोतीबाग येथे २००२ पासून उभे आहे. रेल्वेला एक मालक होता, एक दफ्तर होते, म्हणून तिचे जुने इंजिन सापडले आणि जतनही झाले. रस्त्यावरील मालवाहतूक हजारो लहान मालकांत विखुरलेली होती. तिचे दफ्तर कोठेच एकत्र नाही. ते असलेच तर पडव्यांत आणि गोठ्यांत, गंजलेल्या पत्र्याच्या रूपात आहे. अलाहाबादच्या संग्रहालयात १९४७ च्या बनावटीची एक फोर्ड मालमोटार ठेवलेली आहे. फेब्रुवारी १९४८ मध्ये संगमावर विसर्जनासाठी महात्माजींच्या अस्थी तिच्यातून नेल्या गेल्या. त्या एका दिवसाच्या पुण्याईने ती वाचली. बाकीच्यांना असा दिवस लाभला नाही. त्यांनी केवळ कापूस, संत्री, विटा आणि लाकूड वाहिले.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक गाडीमागे एक टिपण, त्यात क्रमांक, बांधणीचे वर्णन, बदललेले भाग, कागदपत्रांच्या प्रती आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या व मिस्त्रींच्या आठवणी, एवढे जरी विद्यार्थ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत जमविले तरी रस्तावाहतुकीच्या इतिहासाचा पाया घातला जाईल. वारसांनाही आमची विनंती एवढीच की गाडी अवश्य चालू करावी. पण नवी करू नये. आजोबांनी तारेने बांधलेला मडगार्ड सरळ करण्यापूर्वी ती तार कशासाठी बांधली होती, हे घरात एकदा विचारावे. सांगणारे माणूस अद्याप असेल, तर उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवावे.